रग्बी लीगमध्ये पहिल्यांदाच कर्णधार झालात? नाणेफेकीपासून हस्तांदोलनापर्यंत काय करायचं

सिडनीच्या पश्चिमेला पॅरामॅटा, हॅरिस पार्ककडे किंवा इंग्लंडच्या उत्तरेला लीड्स, हडर्सफील्डकडे राहायला गेलेला एखादा मराठी मुलगा शेजारच्या क्लबात रग्बी लीग खेळू लागतो. दोन-तीन मोसम सराव चुकवत नाही. मग एका गुरुवारी सराव संपताना प्रशिक्षक सांगतो, ‘शनिवारी कॅप्टन तू.’ तिथून गोंधळ सुरू होतो. कर्णधार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटचा कर्णधार उभा राहतो, क्षेत्ररचना लावणारा, गोलंदाज बदलणारा. इथे त्यातलं जवळपास काहीच तुमच्या हातात नसतं. हा लेख त्या पहिल्या शनिवारासाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा १३ जणांचा लीगचा खेळ आहे, १५ जणांचा रग्बी युनियन नव्हे. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, ती मजुरीच्या प्रश्नावरून. गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या खेळाडूंचा सामन्यासाठी खाडा व्हायचा, तो भरून द्यावा एवढीच मागणी होती. कष्टकऱ्यांच्या या खेळात आजही कर्णधाराकडे पाहण्याची नजर तशीच आहे. तो किती छान बोलतो हे कुणी मोजत नाही. दमल्यावर तो कुठे उभा असतो, हे मात्र सगळे पाहतात.

## १. तुमच्या हातात काय आहे, काय नाही

बदली खेळाडू कधी आत आणायचा हे प्रशिक्षक ठरवतो. चढाईची दिशा हाफबॅक (७ नंबर) आणि स्टँड-ऑफ (६) ठरवतात. चेंडू किती झपाट्याने खेळवायचा हे हूकरच्या (९) हातात असतं. बचावाची रांग मागून फुलबॅक (१) लावतो. या चौघांच्या कामात नाक खुपसू नका. पाचव्या टॅकलनंतर (चेंडूवाल्याला पाचव्यांदा पाडल्यावर; सहाव्यानंतर चेंडू समोरच्यांना जातो) हाफबॅक किक मारायच्या तयारीत असताना कर्णधार ‘इकडे दे’ म्हणून ओरडला की दोघांचंही काम बिघडतं.

तुमची कामं चार: नाणेफेक, रेफ्रीशी बोलणं, पेनल्टी मिळाल्यावर निर्णय, आणि खेळ थांबलेला असताना संघाला सावरणं. बाकीच्या ७०-७५ मिनिटांत तुमचं कर्णधारपद फक्त तुमच्या हालचालीतून दिसतं.

मैदानावर तुम्ही कुठल्या जागी खेळता, हा प्रश्न इथेच सोडवून घ्या. हूकर, हाफबॅक किंवा लूज-फॉरवर्ड (१३) असाल तर रेफ्री बहुतेक वेळ जवळपासच असतो. मेलबर्न स्टॉर्मकडून ४३० सामने खेळलेला कॅमेरॉन स्मिथ हूकर होता. प्ले-द-बॉलला, म्हणजे पाडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे ढकलतो तेव्हा, तो रेफ्रीच्या जवळपासच असायचा. विंगरला तेच काम अवघड जातं, पण अशक्य नाही. १९७२ चा विश्वचषक जिंकणाऱ्या ग्रेट ब्रिटनचा कर्णधार क्लाइव्ह सलिव्हन विंगरच होता. खरी पंचाईत प्रॉपची (८, १०) होते, कारण तो २०-२५ मिनिटांनी बाहेर येतो. तुम्ही प्रॉप असाल तर उपकर्णधार कोण, हे सामन्याआधी रेफ्रीला नावानिशी सांगा. नाहीतर तुम्ही बाकावर आणि आत तिघं जण एकदम रेफ्रीशी हुज्जत घालताहेत, असं चित्र दिसतं.

## २. आठवड्यात प्रशिक्षकाला विचारून ठेवायचे प्रश्न

- पेनल्टी मिळाली तर गोलसाठी किक किती अंतरापर्यंत? किकर कोण, तो बाहेर असेल तर दुसरा कोण?
- मैदानावर माझा निर्णय अंतिम, की बाकावरून येणारा निरोप?
- आपल्या स्पर्धेत बरोबरी झाली तर जादा वेळ आहे का? बदल किती करता येतात? या गोष्टी लीगनुसार आणि वयोगटानुसार बदलतात. नियमपत्रक मागून स्वतः वाचा.
- बचावात कोणते शब्द वापरायचे?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. रांग पुढे न्यायला ‘अप’, शेवटच्या टॅकलला ‘लास्ट’, बाजूला सरकायला ‘स्लाइड’, असे एकेरी शब्द सगळ्यांनी तेच वापरायचे. दोघांनी दोन शब्द वापरले की रांगेत भोक पडतं.

## ३. उदाहरण घालून देण्याच्या तीन जागा

‘लीड बाय एक्झाम्पल’ हे प्रत्येक क्लबात कानावर पडतं. नवा कर्णधार त्याचा अर्थ असा घेतो, की पहिली हिट-अप (चेंडू घेऊन बचावावर थेट धडक) मी घेणार, सर्वांत जोरात मीच धडकणार. हीच सर्वांत मोठी चूक. चेंडू हातात असताना कुणीही धावतो. प्रेक्षक पाहत असतात, अंगात बळ येतं. संघ कर्णधाराकडून शिकतो ते चेंडू नसतानाचं काम.

दहा मीटर मागे. टॅकल झाला की दोन मार्कर (चेंडू खेळवणाऱ्यासमोर उभे राहणारे दोघे) सोडून बचाव करणाऱ्या सगळ्यांनी प्ले-द-बॉलच्या जागेपासून दहा मीटर मागे जायचं असतं. समोरच्या संघाच्या एका सेटमध्ये सहा टॅकल, म्हणजे सहा वेळा मागे आणि पुन्हा पुढे. चौथ्या टॅकलपर्यंत पाय जड होतात, माणूस सात मीटरवरच थांबतो आणि रेफ्री हात वर करतो. झाली पेनल्टी, पुन्हा सहा टॅकल. अशा दोन पेनल्टी लागोपाठ पडल्या की संघ वीस मिनिटं डोकं वर काढत नाही.

कर्णधाराने टॅकल करून उठल्यावर पाठ फिरवून चालत जायचं नाही. पहिली तीन पावलं जोरात, नजर चेंडूवर, रांगेत पोचलं की हात वर करून शेजाऱ्याला दिसू द्यायचं. तुम्ही पोचलात की शेजारी पोचतो. कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल. साखळीतला एक जण अर्धं पाऊल मागे-पुढे झाला तर चढाईपटू तिथूनच निसटतो.

सरावासाठी साधी पद्धत सांगतो. दहा मीटरवर दोन कोन (सरावाचे शंकू) ठेवा. पहिल्या कोनाशी छातीवर आडवे व्हा, उठा, मागच्या कोनापर्यंत जा, तिथून जोरात पाच मीटर पुढे या, मग पहिल्या कोनाशी येऊन पुन्हा आडवे. असं सहा वेळा म्हणजे एक सेट. मग सेटला लागला तेवढाच वेळ विश्रांती. सुरुवातीला चार सेट, आठवड्यात दोनदा. सराव संपल्यावर करा आणि एकट्याने करू नका. संघातल्या सर्वांत नव्या खेळाडूला जोडीला घ्या.

मार्कर. टॅकल झालेला खेळाडू चेंडू पायाने मागे ढकलतो तेव्हा त्याच्यासमोर बचावाचे दोघे जण उभे राहू शकतात, एकामागे एक, सरळ रेषेत. दमलेला संघ इथे एकच जण ठेवतो किंवा तो तिरका उभा राहतो. तिरका मार्कर म्हणजे पेनल्टीला आमंत्रण, आणि मार्करच नसला तर डमी-हाफ (मागे ढकललेला चेंडू उचलणारा) मधूनच पळतो. टॅकल तुम्ही केला असेल तर मार्करची जागा तुमची, ती दुसऱ्यावर ढकलू नका. उभं राहताना पाय खांद्याइतके रुंद, छाती समोर, चेंडू खेळला जाईपर्यंत स्थिर. मागच्या मार्करने पुढच्याला ‘डावा तुझा’ किंवा ‘उजवा तुझा’ हे आधीच सांगून टाकायचं.

किकमागे धावणं. पाचव्या टॅकलनंतर आपला हाफबॅक लांब किक मारतो आणि सगळ्यांना वाटतं, आता दम घेऊ. नेमक्या त्या क्षणी कर्णधार धावला पाहिजे, पण एकट्याने सुसाट नव्हे. एकटा पुढे गेलेला माणूस चुकवायला सोपा असतो. किकरच्या मागे असलेल्या पाच-सहा जणांनी एका रेषेत जायचं. तुमचं काम त्या रेषेच्या मध्यभागी राहून वेग ठरवणं. किकरच्या पुढे असलेल्यांनी मात्र झेल घेणाऱ्यापासून दहा मीटर लांब राहायचं, नाहीतर ऑफसाइड.

या तीन जागी तुम्ही सहाव्या मिनिटाला जसे असता तसेच शहात्तराव्या मिनिटाला असलात, तर ड्रेसिंग रूममधल्या भाषणाची गरज फारशी उरत नाही.

आणि स्वतःचा दम ओळखा. दमलेला कर्णधार बाहेर यायला नकार देतो, मग उशिरा पोचतो आणि हात उंच जातो. गळ्यावर किंवा डोक्यावर टॅकल, पेनल्टी, कदाचित सिन-बिन (दहा मिनिटं मैदानाबाहेर). बदलीचा इशारा स्वतःहून देणं हेही उदाहरणच आहे.

## ४. सामन्याच्या दिवशी जवळ काय हवं

- खेळाडूंची यादी, नंबरांसह, दोन प्रती. प्रत्येकाची नोंदणी झालेली आहे का ते व्यवस्थापकाकडून तपासून घ्या. नोंदणी नसलेला खेळाडू उतरवला तर गुण कापले जाऊ शकतात आणि विम्याचाही प्रश्न येतो.
- प्रत्येक खेळाडूच्या घरचा फोन नंबर, दमा, ॲलर्जी, आधीची डोक्याची दुखापत यांची नोंद. ती प्रथमोपचार पाहणाऱ्याकडे असावी, पण कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक हवं.
- माउथगार्ड. स्वतःचा आणि शक्य असेल तर एक जादा.
- बुटांचे स्टड तपासलेले. कड धारदार झाली असेल तर रेफ्री परत पाठवतो.
- चिकटपट्टी, पाणी, कोरडा टी-शर्ट.

अंगठी, कडं, गळ्यातलं काढून ठेवायला सगळ्यांना घरून निघतानाच सांगा. मैदानावर कड्यासाठी साबण शोधत फिरावं लागतं.

## ५. नाणेफेक

आंतरराष्ट्रीय नियमानुसार नाणेफेक जिंकणारा बाजू निवडतो आणि हरणारा किक-ऑफ करतो. स्थानिक स्पर्धेत पद्धत वेगळी असू शकते, म्हणून आधी विचारून घ्या.

आधी मैदानावर जाऊन या. गवताची चिमूट उडवून वारा पाहा, उतार पाहा, उतरतं ऊन कुठल्या फुलबॅकच्या डोळ्यांत जाणार ते पाहा. जोराचा वारा असेल तर पहिल्या सत्रात तो पाठीशी घ्यावा असं माझं ठाम मत आहे. वारा दुपारनंतर पडू शकतो, तुम्ही मिळवलेले गुण कुठे जात नाहीत. मात्र सूर्य खाली उतरत असेल आणि ऊन दुसऱ्या सत्रात समोरच्यांच्या डोळ्यांत जाणार असेल तर हिशोब बदलतो.

## ६. रेफ्रीशी बोलणं

नाणेफेकीच्या वेळी नाव सांगा, हात मिळवा, उपकर्णधार दाखवा. एकच प्रश्न विचारा, ‘सर, आज प्ले-द-बॉलला तुम्ही कशाकडे लक्ष देणार?’ उत्तर ऐका आणि ते जसंच्या तसं संघाला सांगा.

सामन्यात फक्त खेळ थांबल्यावर जा. चालत जा, हात खाली ठेवून. धावत गेलेला माणूस भांडायला आल्यासारखा दिसतो. आरोप करू नका, विचारा. ‘तो ऑफसाइड होता’ याऐवजी ‘सर, आमची रांग दहावर आहे का?’ असं विचारलं की उत्तर मिळतं आणि त्याच वाक्याने रेफ्रीचं लक्ष समोरच्या रांगेकडेही जातं. ‘सर, मार्कर ओके?’ एवढं पुरतं. निर्णय ऐकला की ‘थँक यू, सर’ म्हणून परत फिरा.

पेनल्टी दिल्यावर कुरकुर केली तर रेफ्री खूण आणखी दहा मीटर पुढे नेऊ शकतो. म्हणून तुमच्या संघातला कुणी हात पसरून बोलू लागला की तुम्ही त्याच्या आणि रेफ्रीच्या मध्ये जाऊन उभे राहा, तोंड आपल्या खेळाडूकडे करून.

टीव्हीवर पाहिलेलं सगळं इथे लागू होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या व्यावसायिक स्पर्धेत २०२० पासून कर्णधाराला निर्णयाला आव्हान देता येतं, कारण तिथे व्हिडिओ आहे. शनिवारच्या मैदानावर व्हिडिओ नसतो. हाताने खुणा करून आव्हान मागणारा कर्णधार रेफ्रीचा विश्वास पहिल्याच सत्रात घालवून बसतो.

## ७. पेनल्टी मिळाली, आता काय

तीन मार्ग: गोलसाठी किक, टचमध्ये, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर, किक मारून पुढे जाणं, किंवा तिथूनच टॅप करून (चेंडूला पायाने हलकेच स्पर्श करून) धावणं. टच शोधला तर चेंडू जिथून बाहेर गेला त्या रेषेत, दहा मीटर आत, तुम्हालाच टॅप आणि नवा सेट मिळतो.

निर्णय गणिताने घ्या. ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) ४, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची गोलकिक) २, पेनल्टी गोल २, ड्रॉप गोल (चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून मारलेला गोल) १. म्हणजे समोरच्याला एका ट्रायमधून जास्तीत जास्त ६ मिळतात.

६ ने पुढे असाल तर दोन गुण घ्याच. आघाडी ८ झाली की एका ट्रायने बरोबरी होत नाही. १२ ने पुढे असताना १४ करण्याचाही तोच फायदा. ८ ने मागे असाल तर ६ वर या, मग एका ट्रायचं काम उरतं. १० ने मागे असताना ८ वर येऊन फारसं काही बदलत नाही. दोनदा गुण मिळवावे लागणारच आहेत, तेव्हा टॅप करून धावा. आणि शेवटच्या पाच मिनिटांत ६ ने पुढे असताना पेनल्टी मिळत नसेल तर ड्रॉप गोलचा विचार करा. ७ ची आघाडी एका ट्राय-कन्व्हर्जनला पुरून उरते.

नव्या कर्णधारांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की लीगमध्ये ज्याच्यावर गुण होतात तो किक-ऑफ करतो. म्हणजे पेनल्टी गोल झाला की दोन गुणही मिळाले आणि चेंडूही बहुधा तुमच्याच हातात परत आला. समोरचा संघ दमलेला असेल तर हे फार मोलाचं आहे.

वॉर्म-अपमध्येच किकरला विचारून ठेवा, ‘आजच्या वाऱ्यात कुठवर?’ पेनल्टी मिळाल्यावर विचारलंत तर तो ‘मारतो की’ असंच म्हणणार. रेफ्रीला निर्णय एकदा आणि स्पष्ट सांगा. गोलसाठी किक म्हटलं की मग गोलसाठीच मारावी लागते.

## ८. आपल्यावर ट्राय झाल्यावर

गोलपोस्टखाली सगळे जमतात. कन्व्हर्जन होईपर्यंत मिनिट-दीड मिनिट मिळतं. आणि वर म्हटलं तसं, आता किक-ऑफ तुम्हालाच करायचा आहे, म्हणजे दमलेल्या पायांनी लगेच पुन्हा बचाव. सामने बहुधा याच टप्प्यात हातातून जातात.

पहिले २० सेकंद कुणी बोलायचं नाही, श्वास घ्यायचा. मग चूक सांगा, माणूस नको. ‘डावीकडे आपण लवकर आत वळलो’ पुरेसं आहे, ज्याचा टॅकल सुटला त्याला ते माहीतच असतं. त्यानंतर पुढचं एकच काम, नावांसकट: किक कुठे पडणार, पहिला कोण धावणार, पहिला टॅकल कुणाचा. पुढच्या दहा मिनिटांबद्दल बोलू नका. ज्याच्याकडून चूक झाली त्याच्या शेजारी किक-ऑफला तुम्ही स्वतः उभे राहा.

## ९. डोक्याला मार लागला तर

या खेळात दोन कर्णधारांच्या कथा पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. १९५८ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत ग्रेट ब्रिटनच्या ॲलन प्रेस्कॉटचा हात सुरुवातीच्या मिनिटांतच मोडला. तेव्हा बदली खेळाडू नसायचे. तो पूर्ण सामना खेळला आणि संघ २५-१८ ने जिंकला. १९७० च्या सिडनीच्या ग्रँड फायनलमध्ये साउथ सिडनीच्या जॉन सॅटलरचा जबडा सुरुवातीलाच मोडला, तोही शेवटपर्यंत खेळला, जिंकला. त्यांच्या धैर्याला मान द्या, पण त्यांचं अनुकरण करू नका. आज बाकावर माणसं बसलेली असतात आणि मेंदूला लागलेल्या माराबद्दल आपल्याला तेव्हापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे.

उठताना पाय लटपटले, नजर स्थिर नाही, प्रश्नाचं उत्तर उशिरा आलं, जमिनीवर क्षणभर निश्चल पडला होता, यातलं एक जरी दिसलं तरी हात वर करून खेळ थांबवायला सांगा. ‘ठीक आहेस ना?’ असं त्याला विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’च येतं. शंका असली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. मानेत दुखतंय म्हणाला तर कुणीही त्याला हलवायचं नाही, उभं करायचं नाही, प्रशिक्षित माणूस येईपर्यंत डोकं आहे तसंच राहू द्या. हाच नियम स्वतःलाही लावा. डोक्याला लागल्यावर न कुरकुरता बाहेर जाणारा कर्णधार पाहिला की १८ वर्षांचा पोरगाही लपवाछपवी करत नाही.

## १०. सिन-बिन: बाराजणांची दहा मिनिटं

आपला खेळाडू दहा मिनिटं बाहेर गेला की घाई थांबवा. टॅकल झाल्यावर उठायला नियमात बसेल तेवढाच वेळ घ्या, मुद्दाम रेंगाळलात तर आणखी पेनल्टी. चेंडू मधल्या पट्ट्यात ठेवा, लांब पास टाळा. शेवटच्या टॅकलला लांब किक अशी मारा की चेंडू मैदानात टप्पा घेऊन बाहेर जाईल, सगळ्यांना चालत परतायला वेळ मिळतो. थेट बाहेर गेला तर मात्र जिथून मारला तिथे चेंडू समोरच्यांना मिळतो. बचावात टोकाचं थोडं सोडा, मधलं घट्ट ठेवा.

मारामारीत तिसरा, चौथा माणूस म्हणून धावत जाऊ नका. आपल्या जवळच्या खेळाडूला मागून कमरेला धरून ओढा. त्याचा राग तुमच्यावर निघाला तरी चालेल.

## ११. शिट्टी वाजल्यावर

आधी समोरच्या कर्णधाराला, मग रेफ्रीला आणि रेषेवरच्या पंचांना हात मिळवा. हरला असाल तरी, निर्णय चुकीचा वाटला असला तरी. त्या क्षणी चर्चा नको, पुढच्या महिन्यात तोच रेफ्री पुन्हा येणार आहे.

मग मैदानावर कमी वेळ मिळालेल्या खेळाडूंकडे जा. पाच मिनिटं खेळून बाहेर बसलेला मुलगा मंगळवारी सरावाला येईल की नाही हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. दुखापत झालेल्याला घरी कोण सोडतंय ते पाहा, डोक्याला लागलेल्याला गाडी चालवू देऊ नका आणि रात्री एकटं ठेवू नका. कोन, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या गोळा करायला तुम्ही वाकलात की आणखी चार जण वाकतात. ड्रेसिंग रूमची किल्ली परत केली का, हे शेवटी विचारा.